पंधराव्या थरानंतर

अल् घुब्रा, मस्कत
१४ ऑगस्ट १९९९

श्री. जाफर पावसकर यांस,
सप्रेम नमस्कार.

मी संध्या गजभिये, सहमच्या नर्सिंग हॉस्टेलच्या कामावर येणारी आर्किटेक्ट. तुमचा पत्ता सहमच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या सादिककडून मिळाला. तो तुमच्याच गावचा आहे हे मला आत्ता कळलं. तुम्ही सुट्टीवर गेलात असं साइटवर समजलं. घरी सगळे ठीक असतील अशी आशा आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एक लहानशी शंका आहे, जिन्याच्या काचेच्या विटांबद्दल.

तुम्हाला आठवत असेल, जिन्याची ती बाजू शेजारच्या फोमच्या गाद्यांच्या गोदामापासून जेमतेम दोन मीटरवर आहे. म्हणून नकाशा मंजुरीला गेला तेव्हा शेरा आला की इथे खिडकी चालणार नाही, एक तास आग थोपवेल अशी भिंत हवी. मालक सालिम यांना मात्र उजेड हवा होता. "मुली अंधाऱ्या जिन्यातून चढणार नाहीत," असं ते म्हणाले. मग मी आगीला टिकणाऱ्या ग्लास ब्लॉकचा मार्ग काढला. उजेडही येईल आणि भिंतही होईल. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

माझ्यापुढे तीन कंपन्यांची माहितीपत्रकं होती. एकीचे ब्लॉक पाऊण तासाचे, दुसरीचे एका तासाचे आणि तिसरीचे दीड तासाचे, पण ते इतके जाड की उजेड अर्धाच. पाऊण तासाचे खिडकीला चालतात, भिंतीला नाही. मग ही आपली नऊ मीटर उंच आणि पावणेदोन मीटर रुंद काच म्हणजे भिंत म्हणायची की खिडकी? मी तिघांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. शेवटी मधले, एका तासाचे घेतले. त्यातही मागाहून कळलं की एक तास म्हणजे ज्वाळा आरपार येणार नाही एवढंच. धग येतच राहणार. म्हणजे मुली उतरताना त्यांच्या एका बाजूला तापलेली काच असेल. हे पुरेसं आहे की नाही, अजून मला ठरवता आलेलं नाही.

असो. मला एवढंच विचारायचं होतं की तुम्ही रचलेल्या भागात किती थरांमागे एक सळई घातली होती? भिंत पूर्ण झाली आहे, सळया आत गेल्या, आता दिसत नाहीत. एक नोव्हेंबरला चाळीस मुली राहायला येणार आहेत. फाइलपुरती नोंद हवी आहे. घाई नाही.

आपली,
संध्या गजभिये

---

अल् घुब्रा
३० ऑगस्ट १९९९

जाफरभाई,

तुमचं उत्तर आलं नाही. टपालाला दहा-बारा दिवस लागतात हे मला माहीत आहे, तरी दुसरं पत्र लिहिते आहे, कारण पहिलं धड लिहिलं नव्हतं.

घाई आहे. आणि फाइलपुरती नोंद वगैरे काही नाही.

ब्लॉकच्या कंपनीकडून मी चाचणीचा अहवाल मागवला होता. निवड करताना फक्त वरचं प्रमाणपत्र पाहिलं होतं, त्यावर "६० मिनिटे" असं ठळक छापलेलं होतं. पूर्ण अहवाल गेल्या आठवड्यात फॅक्सने आला, एकतीस पानं. तेविसाव्या पानावर लिहिलंय की भट्टीसमोर जी भिंत उभी केली ती तीन मीटर बाय तीन मीटर होती. प्रत्येक थरात सळई होती. चारही बाजूंनी लोखंडी चौकट होती आणि चौकटीला लागून काचेला फुगायला मऊ पट्टी ठेवली होती. एक तास टिकली ती ही सगळी मिळून भिंत. नुसत्या ब्लॉकला एका तासाची खात्री कुणीच दिलेली नाही!

मी मात्र समजत होते की तास त्या ब्लॉकमध्येच भरलेला असतो.

माझ्या ड्रॉइंगमध्ये तीन थरांना एक सळई होती. आणि काच खालपासून वरपर्यंत अखंड, नऊ मीटर, मध्ये कुठेही पट्टा नाही. अखंड छान दिसते म्हणून.

कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला, बाळकृष्णला मी विचारलं, "सळया किती घातल्यात?"

तो म्हणाला, "मॅडम, सगळं तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे आहे. निर्धास्त राहा."

ड्रॉइंगप्रमाणे असण्याचीच मला भीती होती, हे त्याला कळलंही नसेल.

मे महिन्यात तीन मीटरवर पोचल्यावर तुम्ही थापी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "म्याडम, हितून वर मी नाय रचणार. हिते लोखंडाचा पट्टा पायजे. काच उन्हात फुगते, तिला जागा नको?" रुसैलच्या एका कारखान्यात असली भिंत पोट काढून बाहेर आलेली तुम्ही पाहिली होती, असंही सांगितलंत. मी ड्रॉइंग पुढे केलं. तुम्ही ब्लॉकच्या रिकाम्या खोक्यावरचं पट्ट्याचं चित्र पुढे केलंत. बाळकृष्ण हसला. तो तुम्हाला हसला की मला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या साइटवर मी एकटीच बाई होते, जाफरभाई. ही सबब म्हणून लिहिते आहे की कारण म्हणून, तेही ठाऊक नाही.

आणखी एक. तुम्ही सुट्टीवर गेलेला नाहीत. पहिलं पत्र लिहिताना हे मला माहीत होतं. तुमचा व्हिसा रद्द करून चार दिवसांत विमानात बसवलं, हे सादिकने मला तोंडावर सांगितलं. मी कॉन्ट्रॅक्टरला एक चिठ्ठी दिली होती हे खरं. पण तुम्हाला काढा असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कृपा करून सळयांचं तेवढं कळवा. खाली घरचा आणि ऑफिसचा फोन नंबर देते.

संध्या गजभिये

---

अल् घुब्रा
११ सप्टेंबर १९९९

जाफरभाई,

परवा गुरुवारी दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. माझ्या मुलीने, भावनाने, उचलला. तिचं मराठी यथातथाच. "आई, कोणीतरी अंकल आहेत, फक्त पंधरा पंधरा म्हणतायत," असं म्हणून तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

तुम्ही म्हणालात, "म्याडम, पंधरा थर माझे. पंधराही थरांत सळई हाय. ड्रॉइंगमध्ये तीनाला एक होती, मी ऐकलं नाय. कडेला पट्टी पण ठेवली हाय. पुढचे तीस थर कुणी रचले, कसे रचले, मला ठाव नाय. ते खोलून बघा."

मी "जाफरभाई, ऐका," म्हणेपर्यंत तुम्ही फोन ठेवला होता.

मला तुम्ही शिव्या द्याल असं वाटलं होतं. त्याची तयारी मी केली होती. उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. याची तयारी नव्हती.

तुम्ही माझं ड्रॉइंग पाळलं नाहीत. मी चिठ्ठीत तेच लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. आणि त्या भिंतीत खात्रीचा जो भाग आहे तो तेवढाच, जिथे तुम्ही ते पाळलं नाहीत. आता यात मी बरोबर कुठे आणि चूक कुठे, हे उलगडायला बसले की माझं डोकं चालेनासं होतं.

काल सुट्टी होती. राकेश, माझे मिस्टर, म्हणाले, "नीट विचार कर. तू स्वतः लिहून दिलंस की चूक तुझी, तर उद्या ऑफिस तुझ्या मागे उभं राहील का?" आज सकाळी ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रमाणपत्र आहे ना? फाइलला लाव. तेविसावं पान कोण वाचतंय!" ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखरच वाटतं की कागद असला की झालं. दोन महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटत होतं.

तिथून उठून मी टॅक्सीने थेट सहमला गेले, सालिम यांच्या घरी. त्यांनी कहवा पुढे केला. मी पेला तसाच ठेवून सगळं सांगितलं: तेविसावं पान, तीनाला एक सळई, नऊ मीटर अखंड काच.

"या काचा कुणी निवडल्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

"भिंत कुणी आखली?"

"मीच."

"मग मला कशाला सांगतेस? तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं असतं?"

"आग लागली असती तर," मी म्हणाले.

"आणि नाही लागली तर?"

खरंच, नाही लागली तर? चाळीस वर्षं ती भिंत तशीच सुंदर उभी राहिली असती आणि मुली तिच्या उजेडात चढत-उतरत राहिल्या असत्या.

सालिम यांनी माझ्यासाठी दुसरा पेला भरला. "कहवा पी आधी. मग बाळकृष्णला फोन कर. तोडायची तर उद्याच तोडा. यल्ला, चला."

उद्या खोलणार आहेत. काय निघालं ते कळवीन.

संध्या

---

अल् घुब्रा
२ ऑक्टोबर १९९९

जाफरभाई,

आधी भिंतीचं सांगते.

मजूर वरच्या टोकापासून सोळाव्या थरापर्यंत एकेक ब्लॉक सोडवत खाली आले. मी समोर उभी होते. तीस थरांत दहा सळया निघायला हव्या होत्या, माझ्या चुकीच्या ड्रॉइंगप्रमाणे. निघाल्या चार. कडेला मऊ पट्टी कुठेच नव्हती, नुसता सिमेंटचा माल ठासला होता. बाळकृष्ण पाहत होता. म्हणाला, "मॅडम, ते नवे गवंडी होते, त्यांनी कधी काच रचली नव्हती." मी विचारलं, "मग ज्याने रचली होती त्याला का पाठवलं?" तो म्हणाला, "तुमची चिठ्ठी होती ना."

खालचे पंधरा थर पाडलेले नाहीत. मी मुद्दाम दोन ब्लॉक काढून पाहिले, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुमच्या शब्दावर विसंबले नाही. सळई होती. ब्लॉक परत बसवायला त्यांना अर्धा दिवस लागला.

आता प्रत्येक तीन मीटरवर लोखंडी चौकट येते आहे. एकीच्या तीन काचा झाल्या. दिसायला अखंड होती तेवढी छान नाही. धगीचं कोडं तसंच आहे. जाड ब्लॉक घ्यायला हवे होते का? कंपनीच्या माणसाने फोनवर "तुमच्या शहरातले नियम पाहा" म्हटलं, नियमवाल्यांनी "कंपनीला विचारा" म्हटलं. शेवटी मी गोदामाच्या मालकाकडे गेले आणि गाद्यांचे ढीग त्या बाजूने हलवायला लावले. निदान तेवढं तरी मला समजतं.

ऑफिसने या कामावरून मला काढलं आहे. रुसैलच्या एका गोदामाचं छप्पर आखायला दिलंय. हे मी तुमची सहानुभूती मिळावी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, नसावं.

आता तुमच्या मुलीच्या, नूरैनच्या पत्राबद्दल. ते मंगळवारी आलं. तुमच्या नकळत लिहिलंय असं तिने सुरुवातीलाच म्हटलंय, पण तुम्हाला न सांगता तिला उत्तर देणं मला बरं वाटत नाही. ती लिहिते:

"ताई, अब्बांनी तुम्हाला फोन केला हे मला गावातल्या फोनवाल्या दुकानदाराने सांगितलं. ते घरात ओमानचं नाव काढत नाहीत. सतरा वर्षं राहिलेला माणूस चार दिवसांत परत येतो म्हणजे काहीतरी उचललं असेल, असं गावात बोलतात. तोंडावर नाही बोलत. मशिदीच्या वजूखान्याची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेची, नवी भिंत बांधायला घेतली, तर बाहेरगावचा गवंडी आणला. अब्बा रोज तिथे नमाजाला जातात आणि ती भिंत बघून येतात. मी इथल्या शाळेत शिकवते. मुलांना चूक कबूल करायला मी कशी सांगू, ते मला कळत नाही. तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं होतं, तेवढं मला सांगाल का?"

सांगते. माझ्याकडे प्रत आहे. इंग्रजीत होती. मराठीत अशी:

"गवंडी जाफर पावसकर ड्रॉइंगप्रमाणे काम करण्यास नकार देतो. मालकासमोर सल्लागाराशी वाद घालतो. अशा माणसामुळे कामाची शिस्त बिघडते. योग्य ती कारवाई व्हावी."

ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं होतं की काढा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बरोबर, तो शब्द नाही. शब्द नव्हता एवढ्याच आधारावर मी चार महिने काढले.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी सालिम यांनी मला हिंदीत विचारलं होतं, "ये मिस्त्री क्या बोलता है?" तुम्हाला उत्तम हिंदी येतं, सतरा वर्षं तुम्ही इथे तेच बोलत होता. पण त्या दिवशी तुम्ही माझ्याशी मराठीत बोललात. मालकासमोर माझी चूक उघडी पडू नये म्हणून तुम्ही ती भाषा निवडलीत, हे मला फार उशिरा उमगलं. मी सालिमना म्हणाले, "कुछ नहीं. छुट्टी माँगता है."

तुम्ही ते ऐकलंत. माझ्याकडे पाहिलंत आणि हातातलं खोकं खाली ठेवलंत.

नागपूरला माझे वडील भीमराव आहेत. मी इंजिनियर लोकांत बसते-उठते याचा त्यांना कोण अभिमान! ही गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही.

बाळकृष्णच्या कंपनीकडे मी लेखी मागितलं की जाफर पावसकर यांच्यावर चोरीचा किंवा कसलाही आरोप नव्हता. मॅनेजर म्हणाले, "असं पत्र दिलं तर मग काढलं का, ते सांगावं लागेल. खलास, विषय संपला." लेटरहेड मिळणार नाही. तुम्हाला परत बोलवायचंही विचारलं. सालिम स्वतः व्हिसा द्यायला तयार आहेत. मी सादिकला तुमच्याकडे निरोप द्यायला सांगितलं, त्याने दुकानातूनच फोन लावला. तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, "सतरा वरसं झाली, आता बस."

तेव्हा मी माझ्या नावाने लिहिते आहे. तुमच्या गावच्या मशिदीच्या जमातीच्या अध्यक्षांना. ते पत्र याच पाकिटात वेगळं ठेवलंय, उघडंच. तुम्हाला नको असेल तर फाडून टाका. तुम्हाला हवंय की मला हवंय, हाही गोंधळ माझ्या मनात आहे. म्हणून ठरवायचं तुमच्यावर सोडते.

संध्या

---

अल् घुब्रा, मस्कत
२ ऑक्टोबर १९९९

जमातीचे अध्यक्ष आणि सर्व मंडळी यांस,

आपली माझी ओळख नाही. माझं नाव संध्या भीमराव गजभिये. मी मूळची नागपूरची, बौद्ध, पेशाने आर्किटेक्ट. सहा वर्षं मस्कतला नोकरी करते.

आपल्या गावचे जाफर पावसकर सहमच्या एका बांधकामावर गवंडी होते. तिथे मुलींच्या हॉस्टेलच्या जिन्याला आगीपासून वाचवणारी काचेची भिंत बांधायची होती. काच मी निवडली आणि भिंत मी आखली. आखणी चुकीची होती. जाफर पावसकर यांनी ती चूक ओळखली आणि पुढे बांधायचं नाकारलं. मला राग आला. मी त्यांच्याविरुद्ध चिठ्ठी दिली आणि त्या चिठ्ठीमुळे कंपनीने त्यांना चार दिवसांत परत पाठवलं. त्यांनी काहीही उचललेलं नव्हतं. त्यांच्या हातून काही बिघडलंही नव्हतं. इतकंच घडलं.

त्यांच्यानंतर बांधलेला भाग आम्हाला पाडावा लागला. त्यांनी बांधलेला भाग उभा आहे. महिनाभरात चाळीस मुली तिथे राहायला येतील. आग लागू नये. लागली, तर ती काच किती वेळ टिकेल हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी पुष्कळ वाचलं, पुष्कळांना विचारलं, तरी सगळं समजलं असं म्हणवत नाही. पण त्या जिन्याच्या खालच्या तीन मीटरांबद्दल मला शंका नाही, आणि त्याचं श्रेय माझं नाही.

हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं अशी विनंती आहे. माझं नाव गाळू नये.

एक गोष्ट राहिली. तीन महिने मी त्या साइटवर जात होते. कामगार माझ्यासाठी सावलीत खुर्ची मांडायचे. जाफरभाई उन्हात उभे राहून माझं बोलणं ऐकून घ्यायचे. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. मी त्यांना एकदाही बसा म्हटलं नाही. हे पत्र वाचलं जात असताना ते मागे कुठे उभे असतील, तर कृपा करून त्यांना पुढे बोलवा आणि बसायला सांगा.

आपली,
संध्या गजभिये